नजरेला टिचकी

"मनुष्यजातीचा आजवरचा सगळा इतिहास म्हणजे चार लोकांनी बाकीच्यांना भलतीकडे बघायला लावल्याचा इतिहास आहे," असे श्रीधरने हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, हात पाठीशी बांधून, जाहीर केले आणि वाक्य श्रोत्यांत नीट मुरावे म्हणून तो क्षणभर थांबला. राजे, पुरोहित, जादूगार, खिसेकापू आणि लग्न जुळवणारे हे त्याच्या मते एकाच घराण्यातले पुरुष होते. त्या घराण्याचा सध्याचा वारस कोण, हे त्याने सांगितले नाही. ते ऐकणाऱ्यांनी ओळखावे अशी त्याची अपेक्षा होती. समोर विक्री खात्यात नव्याने लागलेली मुले-मुली बसली होती. कधी नव्हे ते आज त्यांनी फोन खिशात ठेवले होते. सगळ्यांच्या नजरा एका जागी खिळल्या होत्या आणि ती जागा पडद्याच्या बरीच खाली आणि श्रीधरच्या फारच जवळ होती. माणसांच्या नजरा कुठे जातात हे ओळखणे हाच व्यवसाय असल्यामुळे एवढे त्याच्या तत्काळ ध्यानात आले. त्यापुढचे ध्यानात यायला मात्र मागे उभ्या असलेल्या मालकाला, विक्रमला, घसा साफ करावा लागला. "सर," तो म्हणाला, "चेन." श्रीधरने भिंतीकडे तोंड करून विजारीची चेन ओढली, पुन्हा वळला, "हेच मी मघापासून सांगतोय," असे म्हणाला आणि पुढचे चित्र लावले.

त्याच्या पदाला इंग्रजीत भारदस्त नाव होते. बायकोच्या माहेरी मात्र "आमचे जावई कॉम्प्युटरमध्ये असतात" एवढ्यावर भागवले जाई, जणू तो तिथे भाड्याने राहायला गेला होता. खरे काम सांगायला अगदी सोपे होते. गिऱ्हाइकाच्या डोक्याला एक खोके बांधायचे. खोक्याच्या आत अजून न बांधलेले घर असे. गिऱ्हाईक त्यात उभे राही, मान वळवी, छताकडे बघे, आणि न बांधलेल्या घराच्या न बसवलेल्या नळाला हात लावायला जाऊन समोरच्या विक्रेत्याच्या पोटाला हात लावी. खोक्यात डोळ्यांवर डोळा ठेवणारे बारीक कॅमेरे होते. त्यामुळे गिऱ्हाईक कुठे बघते आहे ते बाहेर पडद्यावर हिरव्या ठिपक्याच्या रूपात दिसे. हा ठिपका हवा तिकडे हाकायचा, ही श्रीधरची कला. नजरेच्या अगदी कडेला, जिथे नीट काहीच दिसत नाही पण काहीतरी हलल्याचे कळते, तिथे प्रकाश किंचित लुकलुकवायचा. माणसाचा डोळा कुत्र्यासारखा तिकडे धावतो. तो पोचायच्या आत लुकलुक विझवायची. गिऱ्हाइकाला वाटते, आपल्याच मनात आले म्हणून आपण बाल्कनीकडे पाहिले. ह्या लुकलुकीला श्रीधरने नाव दिले होते टिचकी. कॉलेजात असताना तो एकांकिका स्पर्धांना प्रकाशयोजना करी आणि नट वाईट असला की उजेड हळूच खुर्चीवर नेई. परीक्षक खुर्चीच्या नेपथ्याला बक्षीस देत. पुढे देश खुला झाला, पुण्याच्या कडेची उसाची राने काचेची झाली, श्रीधरही इतरांसारखा संगणकात गेला, आणि पुष्कळ वर्षे परदेशी बँकांची हिशेबाची कामे उपसून शेवटी पुन्हा आपल्या मूळ पापाशी येऊन पोचला.

कला म्हटली की कलावंताला रसिकांविषयी थोडा तुच्छभाव असायचाच. श्रीधरला तो पोटभर होता. काचेपलीकडच्या खोलीत एकामागून एक माणसे येत, डोके बांधून घेत, आणि तो इकडून बोटाने टिचक्या देई. टिचकी, की मान उजवीकडे. टिचकी, की मान वर. हृदयरोगतज्ज्ञ आले, त्यांची मान वळली. तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आल्या, "मला कोणी काही विकू शकत नाही हं" असे आधीच सांगून खुर्चीवर बसल्या, आणि त्यांची मान सगळ्यांत सुरेख वळली. दारोदार फिरणारा नंदीबैल तरी मान हलवण्याआधी मालकाच्या ढोलकीची वाट बघतो. ह्यांना ढोलकीही लागत नव्हती. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून वाकडच्या पुलाखाली एकाच जागी पाऊण पुस्तक वाचून होई इतका वेळ अडकलेला असताना श्रीधर बाहेरच्या हजारो डोक्यांकडे बघे आणि त्याला मनातून गोड, उबदार किळस येई. सगळे आपापल्या मर्जीने चालले आहेत असे समजून चालले होते.

विक्रमलाही तो तुच्छच मानी. पण पगार तोच देत असल्यामुळे त्याच्याविषयीचा तुच्छभाव सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवलेला होता. विक्रमच्या आजोबांची जमीन आयटी पार्कखाली गेली, वडील बिल्डर झाले आणि विक्रम बिल्डरांना खोकी पुरवू लागला. त्याच्यात एक गुण होता. तो खोटे बोलत नसे. "सर, लीगलनं क्लिअर सांगितलंय," तो म्हणे, "जे आहे ते सगळं दाखवायचं. हायटेन्शनची वायर आहे? दाखवा. नाला आहे? नाला दाखवा. उद्या कोणी कोर्टात गेलं तर आपण म्हणू, साहेब, हा बघा नाला, पहिल्या दिवसापासून आहे. फक्त," आणि इथे तो श्रीधरच्या खांद्यावर हात ठेवी, "लोकांनी तिकडं बघायला नको. तेवढं तुम्ही बघा." विक्रेत्यांसाठी जी मार्गदर्शिका होती तीत शेवटी श्रीधरने स्वतःच्या शब्दांत एक सूचना घातली होती: काही जणांची नजर कडेकडून गेलेली असते, काचबिंदू वगैरे असतो, अशांवर टिचकी चालत नाही, ती गिऱ्हाइके सोडून द्यावीत, त्यांच्यामागे वेळ घालवू नये. ही सूचना लिहिण्यापुरता काचबिंदू त्याने वाचून काढला होता आणि लगेच विसरून गेला होता.

सध्याची कामगिरी होती 'कृतार्थ'. लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून आत, ज्येष्ठांसाठी खोल्या. भजनाला सभागृह, गुडघ्यांना तेल चोळायला माणूस, तुळशीवृंदावन, झोपाळा. खोलीच्या डाव्या अंगाला गॅलरी होती आणि गॅलरीतून ही सगळी कृतार्थता दिसे. पलंगासमोर मात्र एक मोठी खिडकी होती, आणि तिच्याबाहेर, गॅलरीच्या दुप्पट मेहनतीने रेखाटलेली, कोंबड्यांची पत्र्याची लांबच लांब शेड होती. चाचणीला आलेल्यांपैकी एकानेही ती अजून पाहिली नव्हती. विक्रमच्या वडिलांनीसुद्धा नाही, आणि शेड त्यांच्याच सख्ख्या भावाची होती. श्रीधर त्या यशावर खूश होता. त्या खोल्यांपैकी एक त्याला स्वतःलाच हवी होती, वडिलांसाठी. आणि शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचे होते. हो वडिलांच्या तोंडून यायला हवा, अशी त्याने स्वतःला अट घातली होती. म्हणजे गावी, पुसदला, कोणी म्हणायला नको की श्रीधरने बापाला घराबाहेर काढले. ते स्वतःच्या मर्जीने गेले, असे त्याला म्हणायचे होते. मर्जी हा त्याच्या हातचा विषय होता.

वडील म्हणजे नागोराव. उमेदीची सारी वर्षे पुसदच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेली. भोंग्यातून सांगत, दिग्रसकडे जाणारी गाडी कडेच्या फलाटावर लागली आहे, आणि सगळा स्टँड गाठोडी उचलून कडेच्या फलाटाकडे बघे. लहानपणी श्रीधर त्यांच्या केबिनमध्ये पायाने स्टूल हलवत बसे आणि त्याला वाटे, बाबा म्हणतात म्हणून गाडी येते. पुढे शिकायला पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी त्याने 'मले' आणि 'तुले' टाकून दिले, जशी गावाकडून आणलेली पत्र्याची ट्रंक वसतिगृहाच्या माळ्यावर टाकून दिली, आणि वडील भेटायला आले की तो त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोले, आजूबाजूला कोण आहे ते बघत. आई गेल्यावर त्याने त्यांना इकडे आणले. आणले म्हणजे, बहिणी म्हणाल्या म्हणून आणावे लागले. मागची खोली त्यांना दिली. त्या खोलीत श्रीधरला खरे तर सिनेमे बघायला मोठा पडदा लावायचा होता. माप घेऊन झाले होते.

पहिले काही महिने बरे गेले. मग वासंती, श्रीधरची बायको, म्हणू लागली की तुझ्या बाबांचं काहीतरी बिनसलंय. बिनसण्याची सुरुवात चटणीने झाली. ताट वाढून झाले की नागोराव त्याकडे बघून म्हणत, "चटनी नाई केली का सूनबाई आज?" चटणी ताटात असे. डावीकडे, जिथे चटणी असते तिथे. "वाढलीय, बाबा," वासंती म्हणे. ते म्हणत, "अस्सं? असन बाप्पा," आणि मान खाली घालून जेवत. आता 'असन' म्हणजे नुसते 'असेल'. पण वासंती पुण्यात जन्मलेली आणि पुण्यातच वाढलेली. जिथे दुकानदार "मिळेल" म्हणाला तरी त्याचा अर्थ शोधावा लागतो, तिथे समोर चटणी असताना चटणी मागणे आणि मग 'असेल' म्हणणे, ह्याला दुसरा काही अर्थ असणे शक्यच नव्हते. "आमच्याकडे ह्याला टोमणा म्हणतात, श्रीधर. त्यांना माझ्या हातचं आवडत नसेल तर स्पष्ट सांगावं. मी माणूस आहे, मला कळेल." श्रीधर म्हणे, "वऱ्हाडात टोमणे मारत नाहीत गं, सरळ शिव्या देतात." म्हणताना तो फोनकडे बघत असे. मग डाव्या हाताशी ठेवलेले पाण्याचे भांडे कलंडू लागले, वरचेवर, आणि ते रागाने ढकलले जाते ह्याविषयी घरात एकमत झाले. शेजारच्या प्रेमलाताई जिन्याच्या डाव्या अंगाला उभ्या राहून हसल्या, नागोराव तसेच पुढे गेले, दुसऱ्या दिवशी प्रेमलाताईंनी वासंतीला विचारले, "तुमचे सासरे फार मोठ्या हुद्द्यावर होते का हो?" आणि शेवटी महालक्ष्म्यांचे जेवण आले. हे वासंतीच्या घरचे नव्हे, नागोरावांच्या घरचे. सासूबाईंनी चालवलेले, म्हणून वासंतीने अंगावर घेतले. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, आणि पानाची डावी बाजू तर अशी, की चटण्या-कोशिंबिरींना बसायला जागा नव्हती. तिच्या दोन्ही बहिणी पंगतीत. नागोरावांनी पानाला नमस्कार केला, पानाकडे बघितले आणि प्रेमाने विचारले, "सूनबाई, डावं काही केलंच नाई का औंदा? असू दे, असू दे. एकटीनं किती करशील तू."

त्या रात्री वासंती एकच वाक्य बोलली, तेही भांडी घासताना, नळ सोडून: "आता एक तर ते, नाही तर मी." त्यानंतर नागोरावांनी चटणी मागणे बंद केले. ते गप्प बसून जेवत. वासंतीला तो अबोलाही टोमणाच वाटला, आणि आधीच्यापेक्षा धारदार.

तर 'कृतार्थ'. हिंजवडीपासून लोणी काळभोर म्हणजे पुण्याच्या ह्या कानापासून त्या कानापर्यंत. तिथे जाऊन खोली बघण्यापेक्षा खोलीच डोक्याला बांधावी हे सोयीचे होते. शिवाय चाचणीला वयस्क माणसे हवीच होती. शुक्रवारी सकाळी नागोराव धुतलेले धोतर आणि श्रीधरचा जुना स्वेटर घालून कंपनीत आले. काचेच्या दाराला डावा खांदा लागला, "सॉरी बरं का," असे ते दाराला म्हणाले आणि आत गेले. स्वागताच्या टेबलाशी बसलेल्या मुली हसल्या. श्रीधरही, आपण ह्यांच्याबरोबर नाही अशा बेताने, हसला. तनुजा, त्याच्या हाताखालची मुलगी, मानसशास्त्र शिकून टिचक्या मारायला लागलेली, तिने खोके त्यांच्या डोक्याला बसवले. "आजोबा, टाइट नाही ना होत?"

"नाई व बाई. नातवाची टोपी घातल्यावानी वाटून राह्यलं."

"आता काय दिसतंय, बाबा?" श्रीधरने काचेच्या अलीकडून, माइकमधून, विचारले. आपला आवाज भोंग्यातून गेल्यासारखा त्याला ऐकू आला.

"खोली हाये. पलंग हाये. मोठी हाये खिडकी."

पडद्यावर हिरवा ठिपका खिडकीवर होता. श्रीधरने तनुजाला खूण केली. डावीकडे, गॅलरीच्या दाराशी, टिचकी. ठिपका हलला नाही. पुन्हा टिचकी. ठिपका खिडकीतून बाहेर गेला आणि पत्र्यांवरून सावकाश, एकेक पत्रा मोजल्यासारखा, फिरू लागला. "कोंबड्या हायेत वाटते तिकडं," नागोरावांचा आवाज आला. त्या खिडकीबाहेर कोंबड्या आहेत असे आजवर कोणी म्हटले नव्हते. तनुजाने श्रीधरकडे पाहिले. श्रीधरला राग आला, जसा प्रयोगात मागून कोणी खोकल्यावर येतो तसा. म्हातारा हट्टी आहे, असे त्याच्या मनात आले. घरी चटणी बघत नाही आणि इथे कोंबड्या बघतो. "वाढव," तो म्हणाला. तनुजाने लुकलुक वाढवली. मग अजून वाढवली. "सर, ही आता टिचकी नाही राहिली, थोबाडीत आहे," ती म्हणाली. गॅलरीचे दार पडद्यावर दुकानाच्या पाटीसारखे पेटत आणि विझत होते. ठिपका कोंबड्यांवर निवांत होता. यंत्रच बिघडले असणार. खोके काढून तनुजाने स्वतःच्या डोक्याला बांधले. श्रीधरने सगळ्यांत हलकी टिचकी दिली आणि तिची मान गॅलरीकडे अशी वळली की वेणी खांद्यावर आपटली. यंत्र ठीक होते. नागोरावांना पुन्हा खोके बसवले. श्रीधरने उजवीकडे टिचकी दिली. ठिपका जरा उशिरा, पण वळला. डावीकडे दिली. काही नाही. मग, का ते त्यालाही सांगता आले नसते, त्याने तो उजेड न विझवता डाव्या टोकापासून हळूहळू आत सरकवायला सुरुवात केली. गॅलरीचे दार ओलांडले, भिंत ओलांडली, भिंतीवरचा गणपती ओलांडला, पलंगाचा कोपरा. ठिपका स्वस्थ. उजेड जवळजवळ खिडकीच्या चौकटीला टेकला तेव्हा ठिपका दचकला. "हे काय चमकलं रे?" नागोराव म्हणाले. "कुठून आलं हे एकदम?"

कुठून आले, हे श्रीधर बघत उभा राहिला. पानाची डावी बाजू. पाण्याचे भांडे. जिन्याच्या डाव्या अंगाला हसणाऱ्या प्रेमलाताई. दाराची चौकट, तिला "सॉरी" म्हणणारा खांदा. सगळे त्याच्या नजरेच्या कडेला कधीपासून लुकलुकत होते आणि त्याने पोचायच्या आत विझवले होते. गिऱ्हाइकांसाठी वाचलेला काचबिंदू त्याला आता ओळीनिशी आठवू लागला: दुखत नाही, खुपत नाही, गेलेल्या भागात काळोखही दिसत नाही, तिथे नुसते काही नसते, आणि नसलेल्याची माणसाला कल्पनाच नसते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली, वेळेवर डोळ्यांत थेंब घालू लागले तर, पुष्कळदा राखता येते. नाहीतर बोगद्याचे तोंड बारीक होत जाते आणि एक दिवस बुजते. त्या लेखात एक वाक्य असेही होते की घरच्या माणसांना हे रुग्णाच्या आधी कळू शकते. घरची माणसे असतील तर, असे श्रीधरला वाटले, आणि आपल्याला वाक्य चांगले सुचले ह्याचा आनंद त्याला अशा वेळीसुद्धा झालाच. म्हणजे तो टोमणा नव्हता. एवढ्या महिन्यांत एकही टोमणा नव्हता. एक म्हातारा चटणी मागत होता कारण त्याला चटणी हवी होती. पुण्यात ही शक्यता कोणाच्याही डोक्यात आली नव्हती.

तनुजा खोके काढायला गेली. नागोराव केस सारखे करत बाहेर आले आणि श्रीधरला शोधू लागले. तो त्यांच्या डाव्या हाताला उभा होता. आता ते शोधणे त्याला नीट दिसले: आख्खी मान वळवून, हळूहळू, टॉर्च फिरवल्यासारखी. तो त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"कशी वाटली खोली?" त्याने विचारले. विचारायला नको होते. पण वाक्य आठवडाभर घोळवलेले होते, ते आपोआप आले.

"चांगली हाये. येतो म्हना त्याईले."

"तुम्ही नीट बघितली का? घाई नाही काही. तुमच्या मर्जीनं—"

"पाह्यली ना. कोंबड्या हायेत, टाइम जाते मानसाचा." मग जवळ येऊन, तनुजाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवून, तो श्रीधर इतकी वर्षे उतरवत आला तसा, ते म्हणाले, "मले समजते ना बाप्पा. सूनबाईले तरास होते माह्या. कायचा होते ते नाई समजत मले, विचार लय केला. पन होते. डोये हायेत ना मले. दिसते ना सगळं."

विक्रमने काचेपलीकडून अंगठा दाखवला. त्याला फक्त 'येतो' एवढेच ऐकू आले होते. "अंकल रेडी? एकदम परफेक्ट, सर. उद्या बुकिंग करून टाका, कोपऱ्यातली देतो." श्रीधरने मान हलवली. आपण मान हलवली हे त्याला हलवून झाल्यावर कळले.

जेवायची वेळ झाली होती. कॅन्टीनकडे जाताना त्याने वडिलांचा डावा हात धरला, कोणी बघत नाही ना हे बघून. आणि त्या तेवढ्या अंतरात त्याच्या मनात एक अतिशय शांत, नीटनेटका विचार आला. सांगितलेच पाहिजे असे कुठे आहे? खोटे काही बोलायचे नव्हतेच. हो त्यांनी दिला होता, आपल्या मर्जीने, टिचकीशिवाय. त्याच्या सबंध कारकिर्दीतला तो पहिला खरा हो असावा. 'कृतार्थ'मध्ये डॉक्टर येतात; कधीतरी डोळेही बघतील. सांगायचे तर आधी वासंतीला सांगावे लागेल, मग ती पदर डोळ्याला लावून बसेल, मग खोली रद्द, मग पडद्याचे माप रद्द, मग दवाखाना, थेंब, रजा, रिक्षा. आणि जेवताना रोज समोर बसून फोनकडे बघणाऱ्या, नजरांचा धंदा करणाऱ्या माणसाला हे कसे दिसले नाही, असा प्रश्न कोणीतरी विचारील, आणि विचारणारी वासंतीच असेल, आणि तो टोमणा असेल. सगळे आहे तिथेच राहू द्यायचे. फक्त तिकडे बघायचे नाही. विक्रमचा हात आपल्या खांद्यावर आहे असे त्याला वाटले. मग आजूबाजूच्या टेबलांवर जेवणारी, बोलताना एकमेकांकडे न बघता आपापल्या फोनच्या उजेडात न्हालेली शेकडो डोकी त्याला दिसली आणि नेहमीची गोड किळस यावी म्हणून तो क्षणभर थांबला. आली. पण ह्या वेळी ती कोणासाठी आहे ते कळेना, आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यासारखी ती आतच फिरत राहिली.

ताटे आली. खणांची स्टीलची ताटे; उजवीकडच्या खणांत भाजी आणि आमटी, मध्ये भात आणि पोळ्या, डावीकडच्या लहान खणात शेंगदाण्याची चटणी, वर लिंबाची फोड. नागोरावांनी ताटाला नमस्कार केला आणि मान खाली घालून, कोणालाही काही न मागता, पोळीचा तुकडा मोडला. श्रीधर त्यांच्या हाताकडे बघत होता. हात भाजीपर्यंत जाई, आमटीपर्यंत जाई, परत येई. डावा खण त्या हाताच्या लेखी नव्हताच. त्याने फोन खिशात घातला. पाठ ताठ केली. आता बोलायचेच, असे त्याचे ठरले, किंवा ठरल्यासारखे झाले; आणि सवयीप्रमाणे त्याला सुरुवात मोठी सुचली.

"बाबा," तो म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय. माणूस बघतो म्हणजे काय, ह्याचा मी इतकी वर्षं अभ्यास केला. पण माणसाला जे दिसत नाही ना, ते त्याला दिसत नाही हेच त्याला दिसत नसतं. आणि घरच्यांना तर त्याहून… म्हणजे आपल्या घरी जे काही झालं, त्यात तुमची चूक—"

नागोरावांनी घास तोंडात घातला, तो नीट चावला, लेकाचे बोलणे मध्येच तोडू नये म्हणून थोडे थांबले, आणि इकडे वासंती नाही ह्याची मान वळवून खात्री करून घेत हळूच म्हणाले, "ते सांगजो मंग. पयले इथं कोनाले राग येत नसन तं, थोडी चटनी मांग ना रे."